तिने कोरा सोडलेला प्रश्न

त्र्यंबकेश्वरच्या शाळेत दहावीला उत्क्रांती शिकवताना मी माकडहाडाचा उल्लेख केला. मागून एकजण म्हणाला, "बाई, मंग शेपूट कुठं गेलं?" वर्ग हसला. दुसऱ्याने पुढच्या बाकावरच्या मुलीला चिडवलं, "तुझे पूर्वजपण माकडंच, बरं का." तिचे वडील पूजा सांगतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मीही हसले. ती मान खाली घालून बसली.

चाचणीत तिने बाकी सगळं चोख लिहिलं होतं. उत्क्रांतीचा प्रश्न तेवढा कोरा. मी तिला प्रयोगशाळेत बोलावलं.

"येत नव्हतं का?"

"येत होतं. पण न पटलेलं लिहिलं तर खोटं होईल ना, बाई?"

"शास्त्रज्ञांच्या मते, असं लिही."

"आणि तुमच्या मते?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. "मला पुरावे पटतात," मी म्हणाले. "आणि मी रोज देवापुढे दिवाही लावते."

"दोन्ही कसं जमतं?"

"मलाही नीट सांगता येत नाही."

ती वर्गात परत गेली. बसने नाशिकला घरी परतताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी जास्त बोलले की कमी? आणि त्या दिवशी हसले कशाला?

चार दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. तक्रार असणार असं धरूनच मी खुर्ची पुढे केली. ते हात जोडून म्हणाले, "मी सांगितलंय तिला. परीक्षेपुरतं लिहून टाक, मार्क का घालवायचे?"

तक्रार नव्हती, तरी मला बरं वाटेना. नुसतं परीक्षेपुरतं शिकवायला मी उभी राहत होते का?

दुसऱ्या दिवशी मी तोच धडा पुन्हा घेतला. आधी म्हणाले, "त्या दिवशी मी हसायला नको होतं." मग फळ्यावर फांद्या फुटलेलं झाड काढलं. आजची माकडं आपले पूर्वज नव्हेत, त्यांचे नि आपले पूर्वज फार मागे कुठेतरी एक होते, हे सावकाश समजावलं. या वेळी कोणी हसलं नाही. ती वहीत झाड काढत होती. मध्येच तिने हात वर केला.

"बाई, हे कळलं कशावरून?"

मी जीवाश्मांबद्दल सांगायला लागले. तास संपला तरी तिचे प्रश्न संपले नव्हते. पूर्वपरीक्षेत तिने ते उत्तर दीड पान लिहिलं. मी पूर्ण गुण दिले. ते तिने पटून लिहिलं होतं की वडिलांचं ऐकून, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.