सुभेदारांचं फोल्डर

शिरवळच्या आमच्या कारखान्यात सगळ्यांना मिळून एकच मेलबॉक्स, आणि त्यातल्या फोल्डरांचा नुसता उकिरडा. कोणी काहीही कुठंही टाकायचं, कोणी काहीही उडवायचं. एकदा कोणीतरी गिऱ्हाइकांच्या तक्रारींचं अख्खं फोल्डरच पुसलं आणि साहेबांनी मला फर्मान सोडलं, "हे सगळं नीट लावून टाका. ज्याला जे लागतं तेवढंच त्याला दिसू द्या." मनात म्हटलं, बरं झालं. मला पसारा बघवत नाही, आणि पसारा करणारी माणसं तर मुळीच नाही.

आठवडाभर डोकं खाजवून मी तीन मोठी फोल्डरं केली, जुनी उचलून त्यांच्या पोटात घातली आणि एकेकाच्या नावानं परवानग्या दिल्या. शनिवारी काम संपलं. स्वतःवरच खूश होऊन साताऱ्याला घरी गेले.

आमच्या डिस्पॅचला एक सुभेदार होते. मेढ्याकडचे, फौजेतून रिटायर होऊन आलेले. मेल करायला इथंच शिकले, तेही एका बोटानं. पण गाडी सुटल्याचा मेल त्यांनी कधी चुकवला नाही. मी पोचायच्या आत माझा चहा टेबलावर आणून ठेवायचे. लय जीव होता माझा त्या माणसावर.

सोमवारी मला जरा उशीरच झाला. टेबलावर चहा नव्हता, एक कागद होता. रेखीव अक्षरात लिहिलेलं: कपाटाच्या किल्ल्या दोन, स्टेपलर एक, गेटपासची पुस्तकं तीन, खुर्ची एक, सुस्थितीत. खाली 'चार्ज दिला' आणि सही. फौजेत बदली झाली की जाणारा माणूस असा चार्ज देऊन निघतो. पण यांची बदली केली कुणी?

कॉम्प्युटर उघडला आणि कपाळावर हात मारला. डिस्पॅचच्या फोल्डरवर त्यांचं नाव होतं, पण ते फोल्डर मी ज्या मोठ्या फोल्डरात हलवलं, त्यावर त्यांचं नाव घालायचं राहिलं होतं. आतल्या खोलीची किल्ली दिली आणि बाहेरच्या दाराला कुलूप! त्यांना स्वतःचं फोल्डर दिसतच नव्हतं. माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

नाव घातलं आणि धावतच फाट्यावर गेले. मांडीवर पिशवी घेऊन ते साताऱ्याच्या एसटीची वाट बघत बसले होते.

"आवं सुभेदार, निघाला कुठं?"

"दार बंद केलं म्हंजी हुकूमच की, बाई. हुकमाला 'का' म्हणून इचारायचं नसतं."

"कसला हुकूम आणि कसलं काय! माझी चूक झाली, तुमचं नाव घालायचं राहिलं. एकदा विचारायचं तरी, का मी मेले होते?" मी रस्त्यावरच ओरडले. राग माझा माझ्यावर होता, निघाला त्यांच्यावर.

ते हसले. "व्हय? मग चला. अकराची गाडी भरायची हाय."

कारखान्याकडं चालता चालता मला राहवेना. विचारलं, "घरी काय सांगणार होता?"

"घरी कशापायी सांगायचं? दुसरं काम मिळंपतूर रोज डबा घिऊन निघायचं. मंडळीस्नी वाटाय पायजे, मानूस कामावर गेलाय." मग पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "साताऱ्याच्या स्टँडवर बसाय बाकडी लय हायत."