अकरावं सभासदत्व

"लिव बाय, लिव. काय लपवायचा न्हाय."

असं म्हणून शेठ दोन्ही तळहात उताणे करून माझ्या टेबलावर ठेवायचे, जणू मी त्यांची झडतीच घेणार आहे. मी अलिबागला एका वकिलांकडे टायपिंग करते. झडती घेणं माझं काम नाही. पण शेठचा स्वभावच तसा. एकदा खरं बोलायचं ठरवलं की ऐकणाऱ्याला दम लागेपर्यंत बोलायचे.

त्यांना सगळे शेठ म्हणत. न्हावा शेवा बंदरातून कंटेनर वाहणारे चार ट्रेलर होते तेव्हाही म्हणत, आणि चारही गेले तेव्हाही म्हणत. धंदा बुडाला आणि त्यांनी आमच्या वकीलसाहेबांमार्फत कोर्टात नादारीचा अर्ज केला. अशा अर्जात माणसाकडे काय आहे एवढंच लिहून भागत नाही. तो कुठे कुठे सभासद आहे, कोणते करार अजून चालू आहेत, तेही लिहावं लागतं. मग कोर्टाने नेमलेले अधिकारी, म्हणजे रिसीव्हर, त्यातलं काय ठेवायचं आणि काय बंद करायचं ते ठरवतात.

माझ्या हिशेबाने दोन ओळींचं काम होतं. शेठ सकाळी करंज्याहून लाँचने रेवसला उतरून आले, ते जेवणाची वेळ झाली तरी माझ्यासमोरून हलले नाहीत.

पहिलं निघालं पोहण्याच्या तलावाचं सभासदत्व. यांच्या घरासमोर खाडी. मी विचारलं, "शेठ, तुम्हाला पोहायला येतं ना?"

"पालन्यातून उतरलो तो पान्यातच."

"मग तलाव कशाला?"

"ती पोरगी फॉर्म घेऊन उनात उभी व्हती, बाय. न्हाय कसा बोलू?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. दारात आलेल्याला नाही म्हणताना ज्याची जीभ टाळ्याला चिकटते, असा. शेठकडे कोणी काही विकायला आलं आणि विकल्याशिवाय परत गेलं, असं झालंच नव्हतं. जिमचे तीन वर्षांचे पैसे एकदम भरलेले. हास्य क्लबचे ते आजीव सभासद. दर तीन महिन्यांनी झुरळं मारायला माणूस यायचा, तो करार वेगळा. ट्रेलरच्या बॅटऱ्या तपासणाऱ्या कंपनीचा माणूस तर ट्रेलर विकले गेल्यावरही येत राहिला. ट्रेलर लावायच्या रिकाम्या आवारात उभा राहून चहा प्यायचा आणि 'तपासणी केली' म्हणून सही घेऊन जायचा.

किहीमचा किस्सा मला फार आवडतो. एका सुट्टी क्लबात शेठनी वर्षाला सात दिवस माडांतली कॉटेज घेतली होती. पहिल्याच वर्षी सगळं कुटुंब गेलं. शेठची सख्खी मावशी किहीमलाच दिलेली. तिला कळलं. "माजा घर जलला काय?" असं विचारत ती कॉटेजच्या दारात येऊन बसली आणि उठेचना. सातही दिवस सगळे मावशीकडे जमिनीवर झोपले. कॉटेजची चावी मात्र शेठनी रोज नेऊन दिली आणि परत आणली, कारण पैसे भरले होते.

नवव्या नंबरला माझी बोटं जराशी थांबली. प्रत्येक ट्रेलर कुठे आहे ते फोनवर कळवणारं एक यंत्र असतं. गाड्या गेल्या, पण यंत्र काढायचं सगळेच विसरले. शेठना अजून निरोप यायचे. बोलता बोलता फोन वाजला, आलेला निरोप त्यांनी वाचला आणि लगेच एक नंबर लावला. "अरे, पलस्प्याला कशाला थांबलास? मागचा डावा टायर बघ, तो बसतो." पलीकडे नव्या मालकाचा ड्रायव्हर होता. तोही गुमान टायर बघायला गेला. मला तेव्हा त्यांची फार कीव आली, आणि ती दिसू नये म्हणून मी उगाच जोरजोरात टाइप केलं.

सुट्टी क्लबाला रद्द करण्याचा फोन त्यांनी आमच्याच ऑफिसातून केला. पलीकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, सर, अडचणीतल्या सभासदांसाठी आमची गोल्ड योजना आहे, सातऐवजी दहा दिवस. शेठनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "घेऊ काय? बिचारीचा टार्गेट हाय." मी फोन काढून घेतला नसता तर नादारीच्या अर्जासोबत गोल्ड सभासदत्वही जोडावं लागलं असतं.

दहा झाली. "आता काही राहिलं?" मी विचारलं.

"गावकी," शेठ म्हणाले.

गावकी म्हणजे गावाची पंचायत, पण सरकारी नव्हे. घरटी वर्गणी, देवीची पालखी, लग्नाकार्याला मोठे टोप, रांधायला आणि वाढायला माणसं, सगळं तीच बघते. मी म्हणाले, हे असं लिहीत नसतात. शेठनी तळहात पुढे केले. "शपत घेतलीय. वर्गनी भरतो म्हंजे सभासद. लिव."

मी रकाने भरत गेले. सुरुवात? "जल्मापासून." समाप्ती? "मी मेलो तरी न्हाय. मग बायकोचा नाव लागंल." मी तसंच्या तसं टाइप केलं. माझ्या टायपिंगमध्ये चूक नसते याचा मला भारी अभिमान होता. वकीलसाहेबांनी न वाचता सही केली.

रिसीव्हर घाटावरचे, आमच्याकडची गावकी त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी अकराही पत्त्यांवर एकच मजकूर धाडला. देवळाच्या पत्त्यावर गावकीच्या अध्यक्षांना पत्र मिळालं: सदर सभासदत्व अर्जदारास परवडणारे नसल्याने संपुष्टात आणण्यात येत आहे, अनामत शिल्लक असल्यास परत करावी.

पंधरा दिवसांवर शेठच्या मुलीची हळद होती.

शेठ आले आणि खुर्चीच्या टोकावर बसले. हात मांडीवरच होते. "बाय, मी गावाला सोरचिठ्ठी दिली म्हनतात. पोरीच्या हलदीला कोन यील? टोप कोन देल? धवलारीनबी न्हाय येत म्हनते." धवलारीण म्हणजे त्यांच्यात लग्नाचे विधी गाऊन करणारी बाई. ती नाही तर लग्न कसलं? मला तोंड वर करवेना. चार ट्रेलर जाताना हा माणूस इतका खचला नव्हता, आणि हे संकट माझ्या हाताने टाइप झालेलं होतं.

रविवारी सकाळी मी आणि वकीलसाहेब देवळात गेलो. शेठ खांबाला टेकून उभे. अध्यक्ष म्हणजे मिठागरावर जन्म काढलेले म्हातारे. ते पत्र हातात धरून म्हणाले, "कोर्टाचा कागद हाय. अनामत द्यायला लागंल. याचा काय काय हाय गावाकरं?"

एकजण म्हणाला, देवळाच्या छपराचे निम्मे पत्रे त्याचेच. सगळ्यांनी वर पाहिलं. पावसाळा दोन महिन्यांवर होता. मग कोणीतरी आठवण करून दिली की मोठा टोप शेठच्या बापाने दिलेला.  त्या टोपाशिवाय गावात एकाही हळदीचं जेवण शिजलं नव्हतं.

"टोप दिला तं आपन कशात शिजवायचा?" मागून एका बाईने विचारलं.

वकीलसाहेब कायदा सांगायला उठले, पण त्यांची गरज उरली नव्हती. अध्यक्षांनी मला जवळ बसवलं आणि उत्तर सांगितलं. ते मी तिथेच लिहून घेतलं आणि नंतर शब्दशः टाइप केलं: "आमच्या गावकीत राजीनाम्याची सोय नाही. यापूर्वी कोणी दिलेला नाही, त्यामुळे कसा घ्यावा हे आम्हांस माहीत नाही. अनामत परत करणे गावास परवडत नाही. वर्गणी सवडीने घेऊ." पुढे रिसीव्हरसाहेबांनी त्यावर 'नोंद घेतली' एवढंच लिहिलं.

त्या दिवशी देवळात मात्र, अध्यक्ष उत्तर सांगत असतानाच, शेठनी खांबाकडे तोंड वळवलं. 

हळद झाली. टोप आला, माणसं आली, धवलारीण सगळ्यांत आधी आली.

यंदा पालखीच्या सकाळी अध्यक्षांनी मला मुद्दाम बोलावलं. पालखी उचलण्याआधी घरटी नावं वाचतात आणि ज्याचं नाव त्याने 'हाय' म्हणायचं असतं. शेठ आता दुसऱ्याच्या ट्रेलरवर ड्रायव्हर आहेत. त्या दिवशी ते माल घेऊन गुजरातेत होते. घरच्या बाईला बरं नव्हतं, मुलगी सासरी. अध्यक्षांनी त्यांचं नाव वाचलं.

"हाय," अख्खं देऊळ म्हणालं.

मी त्या गावची नाही. तरी माझ्याही तोंडून निघालं.