मंदाला घाटातून आणताना: टर्बो की साधं इंजिन?

आमची मंदा चिखलदऱ्याच्या आश्रमशाळेत शिकवते. जावई नागपूरला. आठवा महिना लागला तशी डॉक्टरीणबाई म्हणाली, "आता खाली न्या." आम्हाला गाडी घ्यायचीच होती. माझा धाकटा भाऊ दिनकर अकोल्यात जुन्या गाड्या विकतो. तो म्हणाला, "दोन नेऊ. कोणती घ्याची ते घाटच सांगीन." एक टर्बोची, एक साधी, दोन्ही पेट्रोल.

देवापुढे दिवा लावून अकोट-अंजनगावमार्गे निघालो. रस्ता अरुंद, कडा तुटलेल्या. बोंडअळीनं खाल्लेल्या कपाशीच्या पराटीत लोकांनी शेळ्या सोडलेल्या. टर्बो हे चालवत होते. अंजनगावपुढे कापसाचा ट्रक ओलांडायला यांनी गाडी बाहेर काढली, पाय दाबला, आणि गाडी ढिम्म! समोरून एसटी. "अंबामाय!" मी ओरडले. मग गाडी अशी उसळली, की त्या फटीतून कसे निघालो ठाऊक नाही.

परतवाड्याला घरचीच शिदोरी सोडली. हॉटेलचा खर्च नको. दिनकर मागून आला.

"भाऊजी, तिले दम भराले वेळ लागते. पयले गिअर खाली टाका, मंग दाबा."

"तिचा दम भरता भरता माया गेला असता!" म्हणत यांनी दिनकरशी गाडी बदलली.

टर्बो म्हणजे चुलीला फुंकणी. धुराच्या जोरावर पंखा फिरतो, इंजिनात हवा कोंबतो. पण पंख्यानं वेग धरेपर्यंत थांबावं लागतं. साधं इंजिन आपल्या श्वासावर चालतं, पाय दाबला की लगेच ऐकतं. घाटात मात्र आमची साधी गाडी एसी बंद करूनही दुसऱ्या गिअरात रडत होती. दिनकरची टर्बो वळणाआड दिसेनाशी झाली.

वर मंदा पायरीवर बसलेली, चेहरा उतरलेला. "आई, सकाळपासून कंबर दुखून राहिली."

उतारावर जोर नको, धक्का नको. मी म्हटलं, "साधीच."

यांनी चावी दिनकरपुढे धरली. "तू चालव. ट्रकापाशी माया अंदाज चुकला." स्टेअरिंग कधी कुणाला न देणारा माणूस! टर्बो शाळेतच ठेवली; दिनकर ती नंतर आणणार होता.

दिनकरनं खालच्या गिअरात गाडी अलगद उतरवली. मंदाची नखं माझ्या मनगटात. अमरावतीला दवाखान्यात पोचताच तिला आत नेलं. संध्याकाळी मुलगी झाली. बारीकशी, काचेच्या पेटीत, पण रडली.

आता दोघी घरी आहेत. परवा हे म्हणाले, "टर्बोच घेऊ."

"काहून? जीव जाता जाता राहिला!"

"मंदा लेकरू घेऊन वर जाईन. बोलावणं आलं तर आपल्याले चढाचं आहे. उतराले कोणतीबी गाडी उतरते."

सध्या रोज सकाळी रिकाम्या रस्त्यावर हे टर्बो शिकतात. शेजारी दिनकर. तो ओरडला तरी ऐकून घेतात.