चिखलाची पट्टी आणि तीन डंपर

वणीला मी हौसेने गेलो असं कोणी समजू नये. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी फिटर होतो. आम्ही हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्त करायचो. वणीजवळच्या एका कोळसा खाणीच्या शॉवेलचा, म्हणजे माती उपसून डंपरात भरणाऱ्या अवाढव्य यंत्राचा, सिलिंडर आमच्याकडे आला होता. तो नेऊन बसवायचा, एक अख्खी पाळी शॉवेल न थांबता चालवून दाखवायचं आणि खाणीच्या साहेबांची सही आणायची. सही मिळाली तर खाणीचं पुढचं काम आमचं आणि मी नोकरीत कायम.

"सावंत, तूच जा रे. बाकीचे नुसता घाम पुसत बसतील," शेठ म्हणाले. वाकोल्याला घरी आई म्हणाली, "कोळशात जातंस, पांढरो शर्ट नेव नको." मी नेलाच.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. दादरहून नागपूरची गाडी धरा, वर्ध्याला उतरा, पुढे वणीची एसटी. हिंगणघाटला बस थांबते तेव्हा आलुबोंडा आणि तर्री खा, पण तर्री जपून. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या तेव्हा अख्खी बस खूश झाली. खाणीच्या विश्रामगृहात खाट फुकट होती, कॅंटीनमध्ये दोन-तीन रुपयांत पोटभर जेवण. आणि कृपा करून एप्रिलमध्ये जाऊ नका. मी गेलो होतो, अक्कल गहाण ठेवून.

उघडी खाण म्हणजे बोगदा नव्हे. पायऱ्या पायऱ्यांचा खड्डा, इतका मोठा की आमचा वाकोला आत मावून वर जागा उरेल. एकेक पायरी दोन-तीन मजली. ही खाण कोणाची, म्हणून मी कॅंटीनमध्ये विचारलं. खाण सरकारी कंपनीची, वरची माती काढायचं काम ठेकेदाराकडे, डंपर त्याचे, शॉवेल कंपनीचं. "आणि शॉवेल बंद पडलं की दोष मुंबईवाल्याचा," शॉवेल चालवणारा रामटेके हसत म्हणाला. त्याची मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. तिने पाटीवर काढलेलं शॉवेल कसं बैलासारखं दिसतं, हे त्याने मला दोनदा सांगितलं.

सिलिंडर बसवायला एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी चाचणी. बाहेरच्या माणसाला खाली उभं राहायची बंदी, म्हणून मी वरच्या पायरीवर आत्रामजवळ बसलो. आत्राम म्हणजे खाणीचा सरदार. माणसं सुखरूप राहतील हे बघणं त्याचं काम आणि मशीन थांबवायचा हक्कही त्याचाच. बरोबर आमच्या खाली रामटेके डंपर भरत होता.

आत्राम फेरीला गेला आणि मी एकटा राहिलो. पायरीच्या कडेजवळ जमिनीत बोटभर रुंद भेग होती आणि तिच्यावर आडव्या, भुसा मिसळलेल्या चिखलाच्या पट्ट्या लिंपलेल्या. त्यातली एक मधोमध तडकलेली. फिटरचा हात, तो गप्प कसा बसणार? गणपतीच्या आधी घरच्या भिंतीच्या भेगा मीच बुजवायचो. बाटलीतलं पाणी ओतलं, अंगठ्याने पट्टी गुळगुळीत केली. उन्हात ती बघता बघता वाळली आणि मला उगाच बरं वाटलं.

अर्ध्या तासाने आत्राम आला, वाकून पट्ट्या बघितल्या, डबा उघडला आणि एक भाकरी मला दिली.

"या पट्ट्या कशाला लावल्या?" मी विचारलं.

"भेग वाढते का ते समजते. पट्टी तडकली का मशीन बाहेर. कड खाली येते ना बावा. सकाळपासून शाबूत हाय."

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. आता मशीन थांबलं तर सही गेली, नोकरी गेली, वर वेडेपणाची कबुली. खाली एक डंपर भरून गेला. कदाचित ती वाळूनच तडकली असेल, मी स्वतःला समजावलं. दुसरा गेला. रामटेकेने केबिनमधून मला हात केला, मीही केला. तिसरा गेला.

मग मी सांगितलं. आत्रामने शिवी दिली नाही. डबा टाकून लाल झेंडा घेत तो शिट्टी फुंकत पळाला. ठेकेदाराचा मुकादम ओरडला, "कोणाच्या हुकमाने थांबवता?" आत्राम म्हणाला, "माह्या!" शॉवेल गोगलगायीसारखं मागे सरकत राहिलं. ते मोकळ्या जागेत पोचलं आणि थोड्याच वेळात ती कड आवाज न करता सुटली. आवाज नंतर आला. धूळ बसली तेव्हा रामटेके उभा होता आणि मी खाली बसलो होतो.

आत्रामने साहेबांना एवढंच सांगितलं, की भेग मुंबईच्या माणसाने ओळखली. सही तिथल्या तिथे मिळाली. अंधेरीत शेठनी पेढे वाटले, "आपल्या सावंतने माणूस वाचवला." मीही पेढा खाल्ला. इतकी वर्षं हा किस्सा सांगताना मी तडक ओरडलो असंच सांगत आलो. तीन डंपरांचं आज पहिल्यांदा लिहितोय. तीन डंपर भरायला दहा-बारा मिनिटं लागतात. तेवढा वेळ मला सगळं माहीत होतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी रामटेकेची पत्रिका आली, मुलीच्या लग्नाची. खाली त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, "तुमच्यामुळे बाप मांडवात आहे. यावंच लागेल." बायकोने आहेराची साडी आणली, रजाही मिळाली होती. साडी मी पोस्टाने पाठवली. लग्नाच्या दिवशी वर्कशॉपमध्ये गेलो आणि ओव्हरटाइम मागून घेतला.