कार्डात न बसलेली ओळ

"भाऊ, मी चुकलो कुठं, तेवढं सांगा."

सलीमभाईंनी लॅमिनेट केलेलं कार्ड काउंटरवर ठेवलं. ते मीच करून दिलं होतं.

दारव्ह्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचा आणि छापून द्यायचा. शेजारी सलीमभाई पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचे, आत नवी तार भरायचे. बोंडअळीने कापूस खाल्ला त्या वर्षांत ना कुणी मोटारी आणल्या, ना लग्नपत्रिका छापल्या. आम्ही दोघंही माशा मारत बसायचो.

तेव्हाच त्यांच्या मोबाइलवर ऑफर आली. खेळ सुरू करा, बोनस मिळवा. खेळ ब्लॅकजॅक, पैसे लावून खेळायचा. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची. वर गेली की डाव गेला. सोबत नवशिक्यांसाठी इंग्रजी तक्ता होता.

"मराठीत करून द्या न. खिशात मावलं पायजे."

बऱ्याच दिवसांनी काम आलं होतं. मी जीव ओतून केलं. तुमची बेरीज सोळा आणि डीलरचं, म्हणजे पानं वाटणाऱ्याचं, उघडं पान सहा असेल तर थांबा. दहा असेल तर आणखी पान घ्या. हिरवा-लाल रंगही दिला. तळाची एक ओळ मात्र बसेना. फॉन्ट बारीक केला तर कार्ड भकास दिसत होतं. ओळ उडवली.

वर्षभरात त्यांचं वाइंडिंग मशीन विकलं गेलं, मग गाळाही सुटला. आणि आता ते समोर उभे होते.

"तक्त्याबाहेर एक पान नाही खेळलो. तारेचे वेढे मोजतो तसं मोजून खेळलो. मंग हरलो काहून? घरचे म्हणून राह्यले, तुमालेच खेळता नाही आलं."

मी जुनी इंग्रजी प्रत उघडली. तळाची ती ओळ वाचली. त्यांना मराठीत सांगितली: या तक्त्याने तोटा कमी होतो, पण शेवटी जिंकतो तो खेळ चालवणाराच. ती का गाळली, तेही सांगितलं. मान वर करायची लाज वाटत होती.

त्यांनी स्क्रीनवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हंजे मी चुकलो नाही," ते हळूच म्हणाले. "घरी सांगतो."

शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या महिन्यात ते नागपूरला एका कारखान्यात कामाला लागले. कार्ड माझ्याकडेच राहिलं.

आता ओळ बसली नाही, की मी कार्ड मोठं करतो. खिशात मावलं नाही तरी चालतं.