धाकूदादाची समुद्रातली केबल

धाकूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाडच्या माझ्या सायबर कॅफेत एका गिऱ्हाइकावर खेकसत होतो. त्याला इंटरनेट हळू वाटत होतं आणि मला तो माणूस. फोनवर धाकूदादाचा पुतण्या होता. "शेट, दादा गेला. गुरं सोडली, गोठ्याच्या दारात टेकला, तो टेकलाच..." मी फोन ठेवला आणि त्या गिऱ्हाइकाला म्हणालो, "उठा. आज कॅफे बंद. ज्याच्या खांद्यावरून तुमचं हे इंटरनेट समुद्रातून वर आलं, तो माणूस गेला." त्याला वाटलं, मी नाटक करतोय. थोडं करतही होतो, सवय आहे. पण वाक्य शंभर टक्के खरं होतं.

धाकूदादाची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला. एसटी सोडल्यावर तासभर चढ. भाताची कापणी झाली की तिथले पुरुष मुंबईला खोदकामाला जायचे आणि धाकूदादा त्यांचा मुकादम. नव्वदचं दशक सरत आलं होतं. एके दिवशी ठेकेदाराने त्याच्या बावीस माणसांना रस्त्यावरून उचललं आणि थेट किनाऱ्यावर नेऊन उभं केलं. समोर लांब पाण्यात एक जहाज. जहाजापासून किनाऱ्याकडे पिंपांवर तरंगत येणारी, मनगटाएवढी जाड काळी केबल. आपल्याला वाटतं इंटरनेट आभाळातून येतं. येतं ते समुद्राच्या तळातून, असल्या केबलीच्या पोटातल्या केसाएवढ्या काचेच्या तारांमधून, उजेड होऊन. आणि मुंबईच्या वाळूत ते पहिल्यांदा जमिनीवर पाऊल ठेवतं. तिथून पुढे सगळ्या देशात.

केबल ओढायला आणलेलं यंत्र ऐन वेळेला बसलं. ओहोटी सुरू व्हायच्या आत टोक वाळूतल्या खड्ड्यापर्यंत पोचायला हवं होतं. गोरा इंजिनिअर डोक्याला हात लावून उभा. धाकूदादा म्हणायचा, "मी बघितलं रे शेट, म्हटलं ही तर आपली होळी हाय!" त्यांच्या वाडीत शिमग्याला रानातून होळीचं झाड आणतात ते खांद्यावरून, आणि वाटेत जमिनीला टेकू देत नाहीत. टेकलं तर वर्ष वाईट. बावीस जणांनी दोर धरला आणि शिमग्याच्या आरोळ्या ठोकल्या. त्या काय होत्या हे मला पाठ आहे, पण पेपरची ही पुरवणी घरातल्या सगळ्यांच्या हाती पडते, तेव्हा राहू दे. केबल सरसर वर आली. गुडघाभर पाण्यात त्यांनी ती खांद्यावर घेतली. इंजिनिअर मधेच खुणेने सांगू लागला, ठेवा खाली, दम घ्या. कोण ठेवतो? "टेकवू नका रे!" धाकूदादा ओरडला आणि सगळी रांग भर दुपारी उन्हात, खांद्यावर समुद्र घेऊन चालत राहिली.

इथपर्यंत सगळं झकास. पण होळीचा दुसरा नियम असा की खड्ड्यापाशी आलं की खड्ड्याभोवती एक फेरा घालायचा, मगच झाड उभं करायचं. पाय सवयीने चालतात. बावीस माणसं खड्ड्यापाशी पोचली आणि कुणी काही न सांगता डावीकडे वळली... पुढे धाकूदादा, मागे सगळा शिमगा, आणि कोट्यवधींची केबल खड्ड्याभोवती गोल! इंजिनिअर किंचाळत धावत आला. केबल जास्त वाकली तर आतली काच तडकते, हे तेव्हा कुणीतरी धाकूदादाला सांगितलं. त्यांनी फेरा उलटा सोडवला, टोक खड्ड्यात दिलं, आणि संध्याकाळच्या आत ठेकेदाराने सगळ्यांना तिथून हलवलं. काच तडकली की वाचली, हे कुणी सांगितलंच नाही.

माझा कॅफे सुरू झाला तसा धाकूदादा बाजाराला उतरला की माझ्याकडे डोकावायचा. चपला बाहेर काढायचा, देवळात आल्यासारखा. "शेट, चालतंय ना?" मी म्हणायचो, "धावतंय!" मग तो खुशीत पडद्यांकडे बघत बसायचा. ही सगळी कथा मी त्याच्याकडून पन्नासदा ऐकली आणि खरं सांगू, धरून चाललो की थाप आहे. चांगल्या थापेची कदर असलेला माणूस मी. मग एकदा आठवडाभर इंटरनेट रांगायला लागलं. समुद्रात कुठेतरी केबल तुटली, असं पेपरात आलं. धाकूदादा नेमका त्याच दिवशी दारात. भरल्या कॅफेत मी हात पसरून म्हणालो, "या, या! तुमचा फेरा नडला बघा! अख्खा देश बसलाय!" सगळे हसले. धाकूदादा हसला नाही. "माझ्याच्यानं झालं?" एवढंच म्हणाला, चपला घातल्या आणि गेला.

तो दोन महिने आला नाही. शेवटी मीच चढ चढून वाडीवर गेलो. धाकूदादा अंगणात काथ्या वळत बसला होता. वहिनी म्हणाल्या, "जेवत नाय धड. सारखं एकच, बावीस जणांची मेहनत मी बुडवली." आयुष्यभर लोकांना हसवल्याचा मला अभिमान होता. त्या अंगणात तो जरा उतरला.

दुसऱ्या आठवड्यात मी त्याला घेऊन मुंबईला गेलो. विचारत विचारत किनाऱ्याजवळची ती इमारत सापडली. ना पाटी, ना खिडकी. पहारेकरी आम्हाला हाकलतच होता, पण मी असा काही सूर लावला की आतून एक पिकल्या केसांचे साहेब बाहेर आले. मी केबल, खड्डा, फेरा एवढं म्हटलं मात्र... साहेब धाकूदादाकडे बोट दाखवून ओरडले, "म्हणजे ते तुम्ही? अहो, नवीन माणूस इथे लागला की आम्ही पहिल्यांदा तुमचीच गोष्ट सांगतो!"

धाकूदादाने फक्त विचारलं, "काच तडकली का साहेब?"

"काका, त्याच दिवशी उजेड सोडून तपासली. एकदम स्वच्छ! मधे तुटली ती दुसरीच, परदेशात. तुमची एक दिवस बंद नाही. आणि तुम्ही फिरवलात तो तुकडा जादाचाच होता. टोक जोडताना कापूनच टाकला."

धाकूदादाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण भुवया चढल्या. "कापला? फेरा झालेला?"

साहेबांना त्याचं काही नव्हतं. "तो गोरा आता दुसऱ्या देशांतल्या किनाऱ्यांवरही तुमची आरोळी शिकवतो म्हणे. अर्थ काय हो तिचा?"

धाकूदादाने माझ्याकडे बघितलंही नाही. "देवाचं नाव हाय, साहेब."

त्यानंतर तो पाचेक वर्षं जगला, ताठ मानेने. तेराव्याला मी वाडीवर गेलो तेव्हा त्या बावीसांपैकी उरलेले अकराजण ओटीवर बसले होते. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "शेट, तुमी सोबत होतात ना? साहेबानं दादाला सांगितलं की आमचा फेरा झालेला तुकडा तसाच जपून वाळूत पुरलाय आणि त्याच्यामुळंच केबल तुटत नाय. खरं ना?"

अकरा चेहरे माझ्याकडे वळले. दादाची थाप मला लगेच ओळखू आली. उत्तम होती, माझ्यापेक्षा चार बोटं वरची.

"खरं म्हणजे काय," मी म्हणालो, "साहेबांनी मला खड्ड्याचं झाकण उघडून दाखवला."