आडेसाहेबांची पुढची तारीख

घाटंजीच्या कोर्टात सरकारी वकील भारत आडे उभे राहिले की मागचा पट्टेवाला त्यांच्याआधी ओठ हलवायचा. घसा खाकरणार, डावी बाही ओढणार, मग म्हणणार, "सरकारकडून सूचना यायच्या आहेत. थोडा वेळ मिळावा." अकरा वर्षं हेच. साक्षीदार म्हातारे झाले, दोघे मेले. आडे फारसे हरले नाहीत, कारण निकालापर्यंत काही जाऊच दिलं नाही.

याच गुणावर ते चढले. मुंबईत विधी अधिकारी, मग जिल्ह्यातल्या नव्या विद्यापीठात कुलसचिव आणि शेवटी प्रभारी कुलगुरू. ज्याने कधी काही ठरवलंच नाही, त्याच्याशी वाकडं कोण घेणार? घसा तोच, बाही तीच. वाक्य तेवढं बदललं : "समिती नेमली आहे. अहवाल येऊ द्या."

रुपालीला ते पाठ होतं. ती त्यांच्याच बंजारा तांड्यातली, चुलत पुतणी. एलएलबीचा शेवटचा पेपर तिने दिला, तो तपासूनही झाला, तरी विद्यापीठाने गैरहजर लावलं आणि गुणपत्रिका अडकली. चार महिन्यांत चार खेपा झाल्या. आज सहाला एलएलएमच्या प्रवेशाचा फॉर्म बंद होणार होता आणि गुणपत्रिकेशिवाय तो भरताच येत नव्हता. म्हणून तिने आजीला, लालीबाईला, साहेबांच्या दालनात आणलं.

"पुढच्या सोमवारी या, काकी," साहेब म्हणाले.

लालीबाईने दाराशी चपला काढल्या आणि गालिच्यावर मांडी घातली.

"खुर्ची घ्या ना."

"खुर्चीवरून मानूस लवकर उठते. तुहा बाप तांड्याचा नायक. त्याच्या ओट्यावर पंचायत बसली का निकाल लागल्याबिगर कोनी उठे काय? पह्यले उठला तो हारला. डोंगरसिंग नायकाचा कायदा हाय, माहा नाही."

"काकी, समिती..."

"बोलाव तिले. तीबी बसन."

चारला चालक आला. बाभुळगावात सत्कार होता, गाडी लागली होती. साहेब खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धे उठले.

"ऊठ ना," लालीबाई शांतपणे म्हणाली. "सांगीन तांड्यात, नायकाचं पोरगं हारलं."

साहेब खाली बसले. रुपालीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हसू गिळलं.

साडेचारला पुन्हा चालक आला. पाचला साहेबांनी पायावर पाय टाकला, मग दुसरा पाय वर घेतला. त्यांना साखरेचा आजार होता, आणि लघवीला काही समिती नेमता येत नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी घंटी दाबली.

"हजेरीपत्रक आणा. लगेच."

शिपायाने आठ मिनिटांत आणलं. रुपालीची सही ढळढळीत होती. चार महिन्यांचं काम एवढंच. साहेबांनी दुरुस्तीच्या आदेशावर सही ठोकली आणि आतल्या स्वच्छतागृहाकडे पळाले.

"उठला," लालीबाई म्हणाली. "जाय पोरी, शिक्का मारून घे. मी बसून हावो."

पावणेसहाला गुणपत्रिका हातात पडली आणि परीक्षा विभागाच्या बाहेर उभ्याउभ्या रुपालीने मोबाइलवर फॉर्म भरला. परत आली तेव्हा साहेब आजीसमोर उभे होते. घसा खाकरला. डावी बाही ओढली.

"काकी, हे... तांड्यात काही बोलू नका."

लालीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चपला शोधायला लागली.

"पाह्यते इचार करून," ती म्हणाली. "पुढच्या सोमवारी ये."